१९६९ ची कॅमारो विकाऊ आहे : इंजिन नवे, पण पत्र्याचे काय?

वुडवर्डकाठी | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेली अठरा वर्षे मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो आणि मोटारींच्याच उद्योगात नोकरी करतो. मात्र माझे काम सीट मागेपुढे सरकवणाऱ्या छोट्या मोटरचे आरेखन करण्याचे असल्यामुळे, जुन्या गाडीचे बॉनेट उघडून आत काय बरे आणि काय वाईट आहे हे सांगण्याइतके ज्ञान मला नाही, हे आधीच कबूल करतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते, ती दरवर्षी फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बघायची आणि थर्मासमधला चहा संपला की घरी परतायचे, असा माझा नेम आहे. यंदा खुर्ची सोडून रस्त्यावर उतरावे असे मनाने घेतले आहे.

घरापासून चाळीस मैलांवर एक १९६९ ची शेव्हर्ले कॅमारो ही मसल कार विक्रीला आहे. विक्रेता साचे बनवणारा निवृत्त कारागीर असून त्याने फोनवर दिलेली माहिती अशी. गाडी ओहायोतील नॉरवूडच्या कारखान्यात तयार झालेली दोनदारी कूपे आहे. तिचे मूळचे ३५० घनइंचांचे इंजिन काढून त्या जागी एलएस३ हे ६.२ लिटरचे, ४३० अश्वशक्तीचे, खोक्यातून नवे आलेले इंजिन बसवले आहे. सहा गिअरचा ट्रेमेक टी-५६ मॅग्नम गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागे कमानपाट्यांऐवजी (लीफ स्प्रिंगऐवजी) कॉइल स्प्रिंग आणि वातानुकूलन, एवढे बदल केलेले आहेत. रंग गडद निळा, त्यावर पांढरे पट्टे, आणि पुढच्या जाळीवर ‘एसएस’चा (सुपर स्पोर्ट या जोरकस प्रकाराचा) बिल्ला. काम पूर्ण झाल्यापासून गाडी फक्त २,१०० मैल चालली आहे. मागणी ८४,००० डॉलरची आहे.

जीर्णोद्धार आणि सुधारणा अशी दोन्ही कामे झालेल्या या गाड्यांना इथे ‘रिस्टोमॉड’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण अशा गाडीची किंमत नेमकी कशावर ठरवायची, हे मला कळत नाही. बिल्ला खरा आहे की नाही हे कसे ओळखावे? बघायला जाताना काय काय तपासावे? आणि निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला परतणार असल्यामुळे, ही गाडी तिकडे नेता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

मूळप्रत | शनिवार, रात्री १०.२५

सर्वप्रथम शब्दाचा घोळ मिटवतो. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन कोंबलेली रचना. तिची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून धरतात. कॅमारो ही फोर्ड मस्टँगला उत्तर म्हणून १९६६ च्या सप्टेंबरात बाजारात आलेली, आकाराने लहान अशी ‘पोनी कार’ आहे. आता सगळेच तिला मसल कार म्हणतात, त्यामुळे हा वाद मी इथेच सोडतो.

बिल्ल्याबद्दल. त्या वर्षीच्या कॅमारोचा वाहन क्रमांक (नंबरप्लेटचा नव्हे, कारखान्याने दिलेला) ‘१२४३७९एन’ असा सुरू होत असेल, तर १ म्हणजे शेव्हर्ले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमारो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे नॉरवूड. सहा सिलिंडरची गाडी असती तर २४ च्या जागी २३ आले असते. ती एसएस होती की साधी, याविषयी हा क्रमांक अवाक्षरही बोलत नाही. म्हणूनच एसएसचा बिल्ला लावलेल्या साध्या गाड्या आज रस्त्यावर बऱ्याच दिसतात. नॉरवूडच्या गाड्यांना साधारण डिसेंबर १९६८ पासून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर एक्स अक्षराचा संकेत ठोकलेला असतो. एक्स५५ असेल तर ३५० ची एसएस, एक्स६६ असेल तर ३९६ ची, आणि एक्स४४ असेल तर साधी. गाडी त्याआधीची असेल तर संकेत नसणार आणि मग जुन्या कागदपत्रांवरच भिस्त. कॅमारो बनवणाऱ्या दुसऱ्या, कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाईसच्या कारखान्याने हे संकेत वापरलेच नाहीत, पण तुमची गाडी तिथली नाही.

राहता राहिले माझे मत. त्या वर्षी २,४३,०८५ कॅमारो तयार झाल्या, त्यामुळे ही गाडी दुर्मीळ वगैरे नाही. परंतु मूळ इंजिन काढून टाकलेल्या गाडीकडे मी बघतही नाही. वाड्याच्या सागवानी खांबांना प्लास्टिकचा रंग फासल्यासारखे वाटते मला ते.

---

कमानपाटा | रविवार, सकाळी ७.१०

मूळप्रत यांच्या सागवानी खांबांबद्दल आदर राखून सांगतो की, मूळ स्वरूपातली १९६९ ची कॅमारो महामार्गावर अर्धा तास चालवली की माणूस खांबांना मिठी मारण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. माझ्याकडे तशी गाडी नऊ वर्षे होती. चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये वरचा गिअर सरळ एकास एक असतो. मागच्या ॲक्सलचे प्रमाण ३.७३ आणि टायरचा व्यास २६ इंच धरला, तर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला जवळपास ३,४०० फेरे घेते आणि शेजारी बसलेल्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. मॅग्नमचा सहावा गिअर ०.६३ चा असेल तर तेच फेरे २,१०० वर येतात आणि ०.५० चा असेल तर १,७०० वर. तेव्हा विक्रेत्याला दोन्ही प्रमाणे विचारून घ्या; नुसते ‘सहा गिअर’ म्हणण्याला अर्थ नाही.

अश्वशक्तीच्या आकड्यांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. १९६९ मध्ये एसएस ३५० ची ३०० अश्वशक्ती छापलेली असे ती ‘ग्रॉस’, म्हणजे इंजिन मेजावर उघडे ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर आणि इतर लटांबर बाजूला काढून मोजलेली. पुढे १९७२ च्या गाड्यांपासून ‘नेट’ आकडे आले. १९७१ च्या झेड२८ साठी (कॅमारोचाच एक वेगवान प्रकार) शेव्हर्लेने दोन्ही आकडे दिले होते : ग्रॉस ३३० आणि नेट २७५. इंजिन तेच, फरक फक्त मोजणीचा. एलएस३ चे ४३० हे आजच्या पद्धतीने मोजलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्षातली तफावत कागदावर दिसते त्याहून बरीच मोठी आहे. शिवाय ते इंजिन ॲल्युमिनियमचे आहे, म्हणजे नाकावरचा भार कमी होतो आणि वळणावर गाडी पूर्वीइतकी हट्टीपणा करत नाही.

आता बघायला गेल्यावर काय तपासावे ते सांगतो. जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोल पाच ते सात पीएसआय दाबाने पुरत असे. एलएस३ ला सुमारे ५८ लागतात. त्यामुळे पंप टाकीच्या आत बसवला आहे का, की टाकीबाहेर चौकटीवर लटकवला आहे, हे वाकून बघा. बाहेरचा पंप उन्हाळ्यात गुणगुणतो आणि टाकी पावभर राहिली की वळणावर हवा ओढतो. रबरी नळ्या त्या दाबाला चालणाऱ्या आहेत का, त्यांच्या तोंडाशी साध्या स्क्रूच्या पट्ट्या आवळल्या आहेत का, हेही बघा. दुसरे असे की टी-५६ मॅग्नम अंगाने मोठा असल्यामुळे या गाडीच्या मधल्या बोगद्याचा (गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्याचा) पत्रा कापून उंच करावा लागतो. गालिचा उचलून तो सांधा बघितलात की काम करणाऱ्याचा हात तुम्हाला तिथल्या तिथे कळेल. नीट करणारा माणूस कापलेल्या जागी वळवलेला पत्रा सलग झाळतो. घाई करणारा हातोड्याने ठोकून जागा करतो आणि वरून काळे सीलंट थापतो.

तिसरी गोष्ट वायरिंगची. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. नवे इंजिन संगणकावर चालते, आणि त्याची अर्थिंगची तार रंगवलेल्या पत्र्यावर आवळलेली असेल, तर गाडी तुम्हाला अशा ठिकाणी दगा देईल की तिथे फोनला रेंजसुद्धा नसेल. चालवताना ब्रेक सरळ रेषेत लागतो का आणि खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग हातात ओढले जाते का, हे बघा. बाकी इंजिनाची काळजी करू नका. २,१०० मैलांत एलएस३ ला काही होत नाही.

---

हिशेबनीस_नाशिककर | रविवार, सकाळी ११.५५

किमतीबद्दल थोडे. अशा गाडीत घातलेले पैसे आणि ती विकून येणारे पैसे यांचा मेळ क्वचितच बसतो, आणि तो फरक विकणाऱ्याच्या खिशातून गेलेला असल्यामुळे घेणाऱ्यासाठी ती बरी गोष्ट आहे. आमच्या यजमानांनी १९६७ ची मस्टँग अशीच नवी करवून घेतली तेव्हा सगळ्या पावत्या मी फाइलला लावल्या होत्या. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे आकडे सगळेच जण चहाच्या टेबलावर सांगतात. आमच्या फाइलमध्ये मात्र सर्वांत जाड गठ्ठा पत्र्याच्या आणि रंगाच्या मजुरीचा होता. सुट्या भागांच्या किमती कुणालाही कॅटलॉगमध्ये बघता येतात, म्हणून त्यांच्या पावत्यांवर भाळू नका. मजुरीची पावती मागा. तिच्यावर तास लिहिलेले असतील आणि कोणत्या भागावर किती हे लिहिलेले असेल, तर तो कागद बिल्ल्यापेक्षा मोलाचा आहे.

विमा नेहमीच्या कंपनीचा नेहमीच्या पद्धतीने घेऊ नका, कारण त्या पद्धतीत अपघातानंतर घसारा वजा होतो. जुन्या गाड्यांसाठी ‘ठरलेल्या किमतीचा’ विमा मिळतो. तो घेताना मूल्यांकन आणि फोटो द्यावे लागतात. मिशिगनमध्ये २६ वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट स्वस्तात मिळते, पण तिच्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही. प्रदर्शने, क्लबचे मेळावे आणि अख्खा ऑगस्ट महिना एवढीच मुभा असते. (हा ऑगस्ट खास वुडवर्डसाठीच ठेवला असावा, असे आमच्या घरी मानले जाते.)

जुने ३५० इंजिन विक्रेत्याने ठेवले आहे का, हेही विचारा. त्याच्यावर गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असेल आणि तो जुळत असेल, तर ते गाडीबरोबर घ्या, भले गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहो. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याचे अप्रूप असते.

---

शिवडीकर | रविवार, दुपारी ४.३०

पुण्याच्या स्वप्नाबद्दल लिहिणे माझ्याकडे आले, असे दिसते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये आमच्या शिवडीत गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता आणि माझे आजोबा तिथे रिव्हेट मारत असत, त्यामुळे शेव्हर्लेबद्दल मला घरचा जिव्हाळा आहे. तरीही सांगतो की ही गाडी तिकडे नेण्याचा विचार सोडा.

भारतात फार वर्षे १९५० पूर्वीच्याच जुन्या गाड्या आणता येत असत. २०२५ मध्ये ती अट सैल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडले. वयाने तुमची गाडी त्यात बसते. परंतु २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे. आता ६.२ लिटरचे नवे इंजिन, कापलेला बोगदा आणि बदललेले मागचे सस्पेन्शन घेऊन तुम्ही आरटीओसमोर उभे राहिलात, तर मूळ स्वरूप म्हणून काय दाखवणार? शिवाय सीमाशुल्क गाडीच्या किमतीहून जास्त, आणि स्टिअरिंग डावीकडे. सिंहगड रस्त्यावर डाव्या हाताला बसून पीएमपीच्या बसला ओव्हरटेक करून बघा, असे मी कोणत्याही मित्राला सुचवणार नाही.

इथेच घ्या, इथेच चालवा आणि परतताना विकून या.

---

पत्राकाम | रविवार, रात्री ११.०५

वरचे सगळे वाचले आणि उत्तम माहिती मिळाली, पण मला जे सांगायचे आहे ते हिशेबनीस ताईंनी निम्मे सांगून टाकले. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक या सगळ्या वस्तू बोल्टने बसवलेल्या असतात. त्या वाईट असल्या तर काढून दुसऱ्या लावता येतात. पत्रा तसा नाही. या गाडीला मागे स्वतंत्र चासी नाही. पुढे इंजिन पेलणारी एक उपचौकट बोल्टने जोडलेली आहे आणि तिच्या मागची सगळी ताकद गाडीची जमीन, दाराखालचे पोकळ पट्टे आणि छत यांच्या झाळलेल्या पत्र्यातून येते. तिथे गंज असेल आणि पुढे तुम्ही ४३० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेत, तर मग ती गाडी दारांच्या फटींतून बोलायला लागते.

माझ्यावर हे गुदरले आहे. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यातल्या विक्रेत्याकडून (नाव लिहीत नाही) मी १९६८ ची एक कॅमारो फोटो बघून घेतली. रंग आरशासारखा होता. दोन हिवाळे गॅरेजमध्ये काढल्यावर मागच्या डाव्या चाकाच्या वर रंगाखाली साबुदाण्याएवढे फुगे आले. नखाने एक फोडला तर खाली पुट्टी, तिच्याखाली नवा पत्रा आणि त्याच्याखाली तसाच सडलेला जुना पत्रा निघाला. जुना काढण्याचे कष्ट न घेता वरून नवा चिकटवला होता. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत मला गंजाचा मूठभर भुगा सापडला. ती बाजू पुन्हा करायला मला पाच महिने लागले.

म्हणून तुम्ही हे करा. एक चपटे चुंबक रुमालात गुंडाळून मागच्या चाकांभोवतीच्या पत्र्यावर, चाकाच्या कमानीच्या कडेने आणि खाली बंपरपर्यंत फिरवा. जिथे ते पकड सोडते तिथे पुट्टी जाड आहे. रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र उसने मिळाले तर उत्तमच. आकड्यापेक्षा आकड्यातली उडी बघायची असते. डिक्कीतला गालिचा काढा आणि चाकांवरच्या घुमटाला क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकाभोवतीचा बाहेरचा पत्रा) आतून जिथे मिळते, तिथे हात घाला. कारखान्याचे स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर गोल खळगे सोडतात. तिथे सलग झाळल्याची गाठोडी लागली किंवा पॅनेलच्या मध्यावर आडवा सांधा दिसला, तर पूर्ण पॅनेल न बदलता अर्धे जोडले आहे असे समजा. मागच्या काचेच्या खालच्या कडेला, रबरापाशी, अंगठ्याने दाबा.

आणि एक बादली पाणी मागा. समोरच्या काचेखाली बॉनेटलगत जी जाळी असते, तिच्यात ते हळूहळू ओता. पाणी पुढच्या चाकांच्या मागे खाली जमिनीवर पडले तर ठीक. आत पाय ठेवण्याच्या जागेत एक थेंब जरी दिसला, तर काचेखालची ती हौदासारखी जागा सडलेली आहे. ती दुरुस्त करायची म्हणजे पुढचे सगळे खोलावे लागते, आणि म्हणूनच रंगकाम करणारे नव्वद टक्के लोक तिच्या वाटेला जात नाहीत (टक्केवारी माझ्या रागाची आहे, तिला कुठलाही आधार नाही).

शेवटी फोटो. विक्रेत्याकडे कामाचे फोटो असतील. पहिला फोटो कोणता आहे ते बघा.

---

वुडवर्डकाठी | पुढचा रविवार, रात्री ८.१५

मंडळी, काल जाऊन आलो. तीन तास लागले आणि आल्यावर बायकोने विचारले की, तू गाडी बघायला गेला होतास की तिचे शवविच्छेदन करायला?

विक्रेते म्हणजे सत्तरीचे, बोलायला अतिशय सरळ गृहस्थ. बॉनेट उघडल्यावर माझ्यासारख्या अडाण्यालाही कळले की, या माणसाच्या हातात साच्यांच्या कामाची शिस्त आहे. वायरींची जुडी कापडी पट्टीने गुंडाळून भिंतीच्या कडेने नेलेली, प्रत्येक टोकाला बारीक अक्षरांत क्रमांक, आणि अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून, पत्रा उघडा करून मगच बोल्ट आवळलेला. पंप टाकीच्या आत आहे. कमानपाटा यांच्या सांगण्याप्रमाणे गालिचा उचलला. बोगद्याचा सांधा इतका सलग आहे की, बोट फिरवल्यावरच तो लागतो. मॅग्नमचा सहावा गिअर ०.६३ चा आहे. गाडी चालवली तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरासा दाबल्यावर जे झाले ते इथे लिहीत नाही, कारण घरचे लोक हा धागा वाचतात.

बिल्ल्याचा प्रश्न मी सरळ विचारला. ते म्हणाले की, भिंतीवरच्या पट्टीवर एक्स४४ आहे, बघून घ्या. बिल्ला जाळीबरोबर आला म्हणून लावला. जाहिरातीत तसे लिहिले नव्हते, पण विचारल्यावर लपवलेही नाही. जुने इंजिन त्यांनी घेतले तेव्हाच गाडीत नव्हते.

तिथे मला शंका आली. ‘घेतले तेव्हा’ म्हणजे काय? तर त्यांनी ही गाडी सहा वर्षांपूर्वी इंजिनाशिवाय, प्राइमर (रंगाखालचे अस्तर) मारलेल्या अवस्थेत विकत घेतली होती. त्यांच्या वहीत तीनशेहून जास्त फोटो चिकटवलेले आहेत, तारखेनिशी, एखाद्या शाळामास्तराने ठेवावेत तसे. पत्राकाम यांचे वाक्य आठवून मी पहिले पान उघडले. पहिल्या फोटोत गाडी राखाडी प्राइमरमध्ये उभी आहे. त्याच्या आधीचा एकही फोटो नाही.

मग चुंबक काढले. उजवी बाजू निर्मळ आहे. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर, साधारण दोन वाजण्याच्या दिशेला, चुंबक तळहाताएवढ्या जागेत घसरले. डिक्कीतला गालिचा त्यांनी स्वतः काढून दिला. डाव्या घुमटामागे हात घातला तर बोटांना खडबडीत आडवी रेघ लागली, आणि टॉर्च मारल्यावर ती बंपरपर्यंत गेलेली दिसली. बादली मागितल्यावर मात्र ते हसले आणि म्हणाले की, आजवर सात जण गाडी बघून गेले, पाणी तुम्हीच मागितले. पाणी दोन्ही बाजूंनी खाली पडले. आम्ही दोघेही दोन मिनिटे पायांपाशी बघत राहिलो, आणि मग डाव्या बाजूला, क्लचच्या मागे, गालिच्याच्या कडेवर एक काळा ठिपका हळूहळू मोठा होऊ लागला. ते काही बोलले नाहीत. खिशातून फडके काढून त्यांनी तो टिपला आणि पुन्हा बघत बसले.

मला वाटते, त्यांनाही हे माहीत नव्हते. आता मी काय करावे?

---

कमानपाटा | त्याच रात्री, ९.३०

यांत्रिक काम असे असेल तर त्या माणसाला माझा नमस्कार सांगा. तरीही काचेखालची गळती आणि डावी बाजू मिळून दुरुस्तीचा लेखी अंदाज घेतल्याशिवाय आकडा बोलू नका. पुढची काच, मडगार्ड, बॉनेट आणि हीटरची पेटी काढल्याशिवाय तिथे पोचता येत नाही, आणि पोचल्यावर गंज कुठवर गेला आहे हे उघडल्यावरच कळते. वरून रंग जुळवणे वेगळे. गडद निळा रंग तुकड्यात जुळत नाही, अख्खी बाजू मारावी लागते.

---

मूळप्रत | त्याच रात्री, ९.५२

एक्स४४ उघडपणे दाखवणाऱ्या विक्रेत्याबद्दल माझे मत चांगले झाले. गाडीबद्दलचे तसेच आहे.

---

वुडवर्डकाठी | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री १०.००

उशीर झाला, क्षमस्व. एका पत्र्याच्या कारागिराला घेऊन मी पुन्हा गेलो. त्याने दाराखालच्या पोकळ पट्ट्यात केबलवरचा छोटा कॅमेरा घातला. उजवीकडे स्वच्छ, डावीकडे तपकिरी पापुद्रे. त्याने दिलेला दुरुस्तीचा अंदाज १६,००० ते २२,००० डॉलरचा होता, आणि खालचा आकडा नशिबावर अवलंबून आहे, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मी ६५,००० देऊ केले. विक्रेत्यांनी दोन दिवस मागितले आणि मग नम्रपणे नकार दिला. सहा वर्षे आणि त्यांतले हिवाळे मोजले तर तो आकडा मनाला पटत नाही, असे ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही.

परवा त्यांचा फोन आला. ओहायोतल्या एकाने गाडी ७९,००० ला नेली. गळतीचे आणि डाव्या बाजूचे त्यांनी स्वतःहून सांगितले होते, पण त्या माणसाने इंजिनाचा आवाज ऐकला आणि डिक्की उघडलीच नाही.

फोन ठेवताना ते म्हणाले की, त्यांच्या ओळखीत एक १९६९ ची सहा सिलिंडरची कॅमारो आहे. क्रमांक १२३३७ ने सुरू होणारा, एका निवृत्त शिक्षिकेच्या गॅरेजमध्ये एकवीस वर्षे उभी, मूळ हिरवा रंग उडालेला, जमीन आणि डिक्की कारखान्याची, इंजिन जाम. बाई ११,००० मागतात. माझ्या हौसेचे ऐकून त्यांनी असेही सांगितले की, वायरिंगचे काम निघाले तर शनिवार-रविवारी येऊन बसायला ते तयार आहेत, फक्त दुपारी झोप मोडायची नाही. या शनिवारी सकाळी दहाला बघायला जायचे ठरले आहे.

---

पत्राकाम | गुरुवार, रात्री १०.२०

सहा सिलिंडरची, एकवीस वर्षे छताखाली, मूळ जमीन! मी टोलेडोला असतो, दीड तासाचा रस्ता आहे. चुंबक आणि केबलवरचा कॅमेरा मी आणतो. त्या बाईंच्या गॅरेजमध्ये नळ असेलच असे नाही, तेव्हा बादली तुम्ही घरूनच भरून आणा.